बोक्याच्या घशातली नळी

मी बोका बोलतोय. खरं तर मी सिंह आहे. पण ज्या पाथरवटाने मला घडवलं त्याने जन्मात कधी सिंह बघितला नव्हता. ऐकीव माहितीवर छिन्नी चालवली आणि झालं ते हे. गाल फुगलेले, कान बसके, मिशा तर अशा की आत्ताच कुणाचं तरी दूध पिऊन पळालोय. गल्लीने पहिल्याच दिवशी मला बोका करून टाकलं.

गल्लीच्या तळाशी हौद आहे, त्याच्या वरच्या भिंतीत मला बसवलंय. धड नाही, मान नाही. नुसतं तोंड, तेही कायमचं उघडं. डोंगरातला झरा जमिनीखालच्या विटांच्या पाटातून उताराउताराने यायचा आणि माझ्या तोंडातून हौदात पडायचा. पंप नाही, वीज नाही, बिल नाही. पाटात गाळ साचतो, म्हणून वाटेत माणूस उतरेल एवढी भोकं ठेवलेली. लोक वर्षातून एकदा आत उतरायचे, टोपल्या भरभरून गाळ काढायचे, एकमेकांच्या तोंडाला चिखल फासायचे, आणि माझा घसा मोकळा व्हायचा.

मग घरोघरी नळ आले. भोकांवर कुणी ओटा बांधला, कुणी जिना. शेवटचं भोक अगदी माझ्याजवळ, शिंप्याच्या दुकानात. त्याने दुसरं मशीन घेतलं तेव्हा त्यावर गुळगुळीत फरशी घातली. डोंगरातलं पाणी अजून तिथवर येतं बरं का. फरशीखाली गाळात अडतं आणि तिथेच मुरतं. म्हणून शिंप्याच्या भिंतीला कायम ओल. तो रंगवाल्याला शिव्या घालतो.

पुढे नळही आटले. आता दिवसाआड टँकर येतो. भोक कुठे आहे हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. पण फोडायची कुणाची फरशी, असा विषय निघाला की प्रत्येकाला घरी गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं.

आणि परवा माझी पार इज्जत गेली.

झालं असं की जुन्या पाणवठ्यांना मानाची पाटी देणारी एक संस्था आहे. तिथल्या पाहुण्या बाई मला बघायला येणार होत्या. अट एकच, पाणी वाहतं पाहिजे. गल्लीचे अध्यक्ष म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांनी सवयीने माझ्या तोंडात बॅटरी मारली.

"कोरडं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "तात्पुरतं काहीतरी बसवायला हवं."

"कवळी बसवा," शिंप्याची बायको म्हणाली.

कवळी नाही, नळी बसवली. परवाचा टँकर घरांना न देता भिंतीमागे उभा केला आणि त्याची नळी माझ्या मानेच्या जागेतून आत घुसवली. ती घुसवणारा हात शिंप्याचा. कुठल्याच गोष्टीवर एकमत न होणाऱ्या गल्लीचं यावर मात्र एकमत झालं. घरातली पिंपं रिकामी ठेवून लोक माझ्यासाठी इस्त्रीचे कपडे घालून उभे राहिले. मला वाटलं, आता भिंतीसकट खाली पडावं.

बाई आल्या. साध्या, घामाघूम, पायात धुळीच्या चपला. टँकर सोडला आणि मी भसाभसा ओकायला लागलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी ओंजळ भरून प्यायलं.

"थोडा औषधासारखा वास येतो का हो?"

येणारच. टँकरमध्ये पावडर टाकतात. डॉक्टर खोकायला लागले. तेवढ्यात शिंपी पुढे झाला.

"डोंगरावर झाडपाला आहे ना बाई. पाणी औषधी आहे आमचं. डोळ्यांना तर फारच चांगलं."

"वा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते मनापासून लिहून घेतलं. मी वर्षानुवर्षं खरं पाणी दिलं तेव्हा कुणी एक ओळ लिहिली नव्हती.

बाई गेल्या. टँकर संपला. शिंप्याने नळी ओढून काढली. घशात दोन थेंब मागे राहिले होते, तेही टपकले.

आता शिंप्याची एक मावशी आहे. तिनेच त्याला वाढवलं. तो पन्नाशीचा झाला, मिशीला कलप लावतो, तरी ती त्याला छोट्या म्हणते. तिच्या डोळ्यांवर पडदा आलाय. ऑपरेशनला भिते. परवा ती भाचीकडे होती. काल परतली तर बसमध्येच कुणीतरी तिला सांगितलं, तुमच्या गल्लीतलं पाणी परत सुरू झालंय, डोळ्यांना औषधी आहे म्हणे.

आज सकाळी ती तांब्या घेऊन आली. चाचपडत हौदाचा काठ धरून बसली. तांब्या बरोबर माझ्या तोंडाखाली ठेवला.

"ये सावकाश," मला म्हणाली. "मला घाई नाही."

माझ्याकडून शेवाळाचा ओलावासुद्धा निघेना.

डॉक्टर दवाखान्याला निघाले होते. "काय मावशी, कशा आहात," म्हणाले आणि चालायला लागले. इस्त्रीवाला आला, भाजीवाली आली. "ऊन चढतंय हं, मावशी." कुणी सावलीला छत्री टेकवून गेलं. शिंपी शेजारच्या दुकानातून बघत होता. एकच बाही त्याने तीनदा उसवली.

दुपारी तो उठून आला.

"मावशी, घरी चल."

"थांब रे. डोंगरातून यायचं म्हणजे वेळ लागणार त्याला."

"नाही येणार."

"परवा आलं ना?"

"ते टँकरचं होतं. मागून नळी लावली होती."

मावशीने तांब्यावर हात ठेवला. "आणि डोळ्यांचं?"

"ते मी तोंडाला आलं ते बोललो."

तिने तांब्या उचलून मांडीत घेतला. मग म्हणाली, "हे सगळ्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"सकाळपासून अख्खी गल्ली इथून गेली, छोट्या. प्रत्येकाने माझी चौकशी केली. एकानेही सांगितलं नाही." तिने हात वर करून माझं नाक चाचपलं. "याचं एक ठीक आहे. हा दगडाचा आहे."

तिने मला माफ केलं, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

शिंपी तिला घरी पोचवून आला. दोन्ही मशीन रस्त्यावर ओढली, दोरीवरचे कपडे गुंडाळले, आणि पहार घेतली.

"अहो, काय करताय?" बायको धावत आली.

"फरशी काढतोय."

"रंगाच्या वेळी मी ओरडत होते, ओल खालून येतेय, तेव्हा नाही सुचलं?"

"तेव्हाही कळत होतं."

तिने त्याच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि टोपली आणायला आत गेली. पहारीच्या आवाजाने डॉक्टर कानाला रुमाल लावून आले. "पुढच्या आठवड्यात पाटी लागायचीय हो. रस्त्यावर गाळ दिसला तर लोक विचारतील."

"विचारू देत," शिंपी म्हणाला. "बाईंना मी फोन करतो. तुम्ही ही कड धरा."

डॉक्टरांनी इकडेतिकडे बघितलं. मग घड्याळ काढून खिशात ठेवलं.

आत्ता माझ्या पाठीमागच्या पाटातून ठोके ऐकू येताहेत. पाणी सुटेल का, मला माहीत नाही. वर अजून बरीच भोकं आहेत, बऱ्याच फरशा आहेत. पाटी आली तर ती कुठे लावतील तेही माहीत नाही. निदान माझ्या कपाळावर नको.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्यापुढे कुणी भांडं घेऊन बसलेलं दिसलं, तर तब्येत विचारून पुढे जाऊ नका. खरं काय ते सांगून टाका. मला नाही सांगता येत. तोंड एवढं मोठं आहे, पण सकाळभर ते मी तिच्यासमोर नुसतं उघडं ठेवून बसलो होतो.