जिने नसलेला नकाशा

माझ्या आईला लग्नात दोन इमारती मिळाल्या.

म्हणजे इमारती नव्हे, त्यांतला कचरा. कैरोच्या दुक्की भागातल्या एका रस्त्यावरच्या दोन सात मजली इमारतींचा कचरा रोज उचलायचा हक्क आजोबांनी माझ्या वडिलांना दिला. त्याचा कागद कुठेच नव्हता. आजोबा एका पहाटे वडिलांना तिथे घेऊन गेले, मागचा लोखंडी जिना दाखवला, वॉचमनशी गाठ घालून दिली, कुठल्या दाराशी फुटकी काच असते आणि कुठल्या घरी शुक्रवारी पाहुणे येतात ते सांगितलं. झालं. आणखी पाच इमारती वडिलांना त्यांच्या वडिलांकडून आल्या होत्या. अशा सात इमारती हीच आमची इस्टेट, आणि ती सगळी बाबांच्या डोक्यात होती.

मुकत्तम डोंगराच्या कड्याखालच्या आमच्या वस्तीत सगळ्यांचं असंच. पुरुष पहाटे टेम्पो घेऊन कैरोत उतरतात, दारोदार कचरा उचलून दहापर्यंत परत येतात; बायका तळमजल्यावर बसून तो निवडतात. ओलं डुकरांना, बाकीचं ज्याच्या त्याच्या ढिगात. माझी आई, तेरेझा, प्लास्टिकला नखाने टिचकी मारते आणि आवाजावरून ते कुठलं आहे ते सांगते. कॉलेजात असताना मी तिचे शंभर तुकडे प्रयोगशाळेत तपासून घेतले. सत्त्याण्णव बरोबर निघाले. उरलेल्या तीनपैकी एकात प्रयोगशाळा चुकली होती. त्याच महिन्यात मी आमच्या टेम्पोतला माल वजन करून पाहिला: शंभर किलोतले त्र्याऐंशी किलो पुन्हा कुठल्या ना कुठल्या कामाला लागत होते. आकडा इतका मोठा होता की मी तीनदा मोजला.

मी रसायनशास्त्राची पदवी घेतली त्या वर्षी बाबांचा उजवा गुडघा गेला. बाबांचं नाव वदी. वय चौपन्न. डॉक्टर म्हणाले, जिने बंद करा. बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेले.

त्यातून माझी कल्पना निघाली. प्रत्येक मजल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एक डबा असतो. त्याच्या झाकणाच्या आतून काडेपेटीएवढं एक यंत्र चिकटवायचं. ते आवाजाची लहर खाली सोडतं, ती किती वेळात परत येते त्यावरून डबा किती भरलाय ते कळतं. ज्या मजल्यावरचे डबे रिकामे तो मजला बाबांनी चढायचाच नाही.

"घ्या! शास्त्रज्ञ आल्या," खिल्लामामा म्हणाला. आईचा हा धाकटा भाऊ त्या महिन्यात काविळीने आमच्याकडेच पडून होता. सुई टोचली होती कचऱ्यातली. "कचऱ्यात वाढलेली पोरगी आता कचऱ्याला फोन लावणार."

"कचरा निदान फोन उचलतो तरी, मामा. तुझ्यासारखा कट करत नाही."

"बघ तेरेझा, शिकवलीस आणि ही अशी बोलते."

"बोलू दे," आई म्हणाली. "तू आधी औषध घे."

यंत्रं बसवण्याआधी मला एक नोंद हवी होती: बाबा किती वाजता कुठल्या इमारतीशी असतात. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात माझा जुना फोन ठेवला. त्यांना ते आवडलं नाही.

"फेरा कोणी लिहीत नाही, इरीनी. माझ्या बापाने लिहिला नाही."

"लिहीत कुठे आहे? फोन आपोआप ठिपका मारतो. अर्ध्या अर्ध्या मिनिटाला एक."

"आणि तो ठिपका कोण बघणार?"

"मी."

त्यांनी खिशाचं बटण लावलं. सव्वीस दिवस त्यांनी तो फोन नेला. मामा आजारी असल्याने त्याच्या दोन इमारतीही त्या दिवसांत बाबाच करत होते, म्हणून नोंदीत नऊ इमारती आल्या. फोनमध्ये उंची मोजायचीही सोय होती, पण ती चालू ठेवली की बॅटरी सातच्या आत संपायची. मी ती बंद केली. उंची कशाला हवी? प्रत्येक इमारत सात मजली होती.

प्रयोग जमला. बाबांची रोजची चढण तीस टक्क्यांनी कमी झाली. सकाळी परत आले की ओरडून सांगायचे, "आज सब्रीच्या इमारतीचा पाचवा मजला सुट्टीवर!" सब्री म्हणजे तिथला म्हातारा वॉचमन. त्याच्याकडे बाबा रोज सात मिनिटं चहाला थांबत.

शहर प्रशासनाने त्या वर्षी तरुणांसाठी स्पर्धा ठेवली होती: शहराचा कचरा कमी करणाऱ्या नव्या कल्पना. अट एकच, सगळी मूळ नोंद जोडायची. शास्त्रात ती योग्य अट आहे. मी सगळी नोंद जोडली. दुसरं बक्षीस मिळालं. बाबांनी प्रमाणपत्र संत समआनच्या तसबिरीखाली टांगलं आणि आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

आठ महिन्यांनी सब्रीने बाबांना विचारलं, "काय रे वदी, कोपऱ्यावर माणसं टेप घेऊन काय मोजतायत?"

बाबांनी मला विचारलं. मी प्रशासनाच्या संकेतस्थळावर शोधलं. दुक्कीच्या त्या भागाचं टेंडर निघालं होतं. कचरा एका कंपनीकडे जाणार होता. सोबत चार जोडपत्रं होती. चौथं उघडलं आणि मी ते लगेच ओळखलं.

नऊ ठिपके. प्रत्येकाखाली वेळ. चार वाजून एकतीस मिनिटांनी पहिला. सहा वाजून दोन मिनिटांनी सब्रीच्या दाराशी सात मिनिटं. तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीच्या मधला तो लहानसा वळसा, जिथे एक आंधळं कुत्रं असतं आणि बाबा त्याला पाव टाकतात. माझे वडील त्या पानावर होते. फक्त त्यांचं नाव नव्हतं.

खाली एक तक्ता होता. एकूण वेळ चार तास चाळीस मिनिटं. त्यात प्रत्येक इमारतीशी एकोणीस मिनिटं ठिपका हलत नाही. नऊ गुणिले एकोणीस, अधिक सात. त्यापुढे एक ओळ होती: 'सध्याच्या पद्धतीत कामगाराचा चौसष्ट टक्के वेळ निष्क्रिय जातो. दारोदार फेरी बंद करून कोपऱ्यावर मोठे डबे ठेवल्यास हेच काम यांत्रिक गाडीने पन्नास मिनिटांत होईल.'

मी गणित तपासलं. गणित बरोबर होतं.

त्यातली सात मिनिटं खरोखर चहाची होती. उरलेल्या एकशे एकाहत्तर मिनिटांत माझे वडील जिना चढत होते. वरून पाहणाऱ्याला चढणारा माणूस उभाच दिसतो. कचरा वरच्या मजल्यांवरून पाठीवरच्या टोपलीतून खाली येतो, हे लिहून ठेवायला हवं असं मला सुचलंच नव्हतं. आमच्या वस्तीत ते तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं.

मी इंजिनिअर शेरीफना भेटायला गेले. स्पर्धेच्या वेळी त्यांनीच माझ्या गळ्यात पदक घातलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"डॉक्टर इरीनी! आमचा अभिमान."

"मी डॉक्टर नाही. ते जोडपत्र चार चुकीचं आहे."

"आकडे चुकलेत?"

"आकडे बरोबर आहेत. अर्थ चुकलाय. माणूस तिथे उभा नाहीये, जिने चढतोय. माझ्या नोंदीत उंची नाही. मला दोन आठवडे द्या, मी उंचीसकट नोंद करून देते."

ते खरंच विचारात पडले. वाईट माणूस नव्हता तो. मग त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

"ही नोंद सव्वीस दिवसांची, बक्षीसपात्र, तुमच्या सहीची. मी वर काय सांगू? हिच्यात अर्धी गोष्ट राहिली म्हणून?"

"हो. तेच सांगा."

"मग वरचे विचारतील, अशा मुलीला आपण बक्षीस कसं दिलं?" ते हळू म्हणाले. "करार गेल्या गुरुवारी झाला, बेटा. चहा घे."

मी चहा घेतला नाही. त्याने काही फरक पडला नाही.

घरी सांगितलं तेव्हा आई प्लास्टिक निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत. मामा बरा होऊन पुन्हा कामाला लागला होता. तो दाराला टेकून उभा होता.

"माझे दोन जिने तरी वगळायचेस," तो म्हणाला. चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. "ते कुणाला माहीतच नव्हते."

"खिल्ला," बाबा म्हणाले, "फोन मी नेला. माझ्या पायांनी. तिला काही बोलू नकोस."

कंपनीला माणसं हवी होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. खिडकीतल्या तरुणाने वय विचारलं आणि सांगितलं, पंचेचाळीसच्या वर घेत नाही. बाबांनी त्याला सांगितलं की त्या रस्त्यावरची दोनशे चौदा दारं त्यांना पाठ आहेत. तो वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणाला, "हाज, आता दारं नाहीत. कोपरे आहेत."

मार्चमध्ये हिरवे डबे आले. प्रत्येक झाकणाच्या आत काडेपेटीएवढं यंत्र होतं. माझंच, थोडं सुधारलेलं.

लोक सात मजले उतरून कोपऱ्यापर्यंत जातील असं करारात गृहीत धरलं होतं. आधी काही जण गेले. मग पिशव्या मागच्या जिन्याच्या डक्टमध्ये पडू लागल्या. स्वयंपाकघराची खिडकी उघडायची आणि सोडून द्यायची. एप्रिलमध्ये डक्टमधला ढीग पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत आला. सब्रीने तो एकदा जाळला. वरच्या पाच घरांत धूर भरला, तेव्हापासून तेही बंद. कोपऱ्यावरच्या डब्यात जे थोडं पडतं ते गाडी दाबून वड्या करते आणि वाळवंटाच्या कडेला नेऊन टाकते. दाबलेल्या मालातून काही निवडता येत नाही. पूर्वी शंभर किलोतले सतरा किलो फेकले जात. आता शंभरचे शंभर.

आम्ही डुकरं विकली; त्यांना घालायला काही नव्हतं. आई तळमजला झाडते. दिवसातून दोनदा झाडते, घाण नसतानाही. मामा एका हॉटेलात भांडी घासतो.

आणि मी कंपनीत लागले. घरात पगार आणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. मोठ्या पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर दुक्कीचे डबे असतात: भरलेला लाल, अर्धा पिवळा, रिकामा हिरवा. आमच्या रस्त्यावरचे डबे नेहमी हिरवे. मेमध्ये साहेब पाहुण्यांना घेऊन आले आणि तो भाग दाखवून म्हणाले, "इथे कचरा एकसष्ट टक्क्यांनी घटलाय." मी लेखी कळवलं की कचरा घटलेला नाही, तो डक्टमध्ये आहे, फोटो जोडले. उत्तर आलं की यंत्रं तपासली, यंत्रं बरोबर चालताहेत. खरं आहे. डबे रिकामेच आहेत.

गेल्या रविवारी प्रार्थनेहून आल्यावर बाबा माझ्याजवळ बसले. ते अजूनही साडेतीनला उठतात. उठून अंथरुणावर बसून राहतात, मग उजाडतं.

"काल दुक्कीला गेलो होतो," ते म्हणाले. "बसने."

"कशाला, बाबा?"

"सहज. सब्रीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या नगवाबाई अजून पिशवी दाराबाहेर ठेवतात. सहा पिशव्या होत्या. त्यांना खाली फेकायला लाज वाटते."

"आणल्यात?"

"कशा आणणार? सब्री म्हणाला, नवीन कायदा आहे, कचरा कंपनीचा. उचलला तर चोरी." ते हसले. "चाळीस वर्षं कोणी चोरेना म्हणून तर मला देत होते."

मग म्हणाले, "तो ठिपका आहे का अजून? माझा?"

मी संगणकावर जुनी नोंद लावली. पहिला दिवस. रस्ता राखाडी, ठिपका निळा. ते पुढे सरकून बघू लागले. ठिपका टेम्पोबरोबर आला, पहिल्या इमारतीशी गेला आणि थांबला. मी वेग वाढवणार होते.

"राहू दे," ते म्हणाले. "जसं आहे तसं चालू दे."

ठिपका हलत नव्हता. ते बघत राहिले. आई झाडू घेऊन मागे येऊन उभी राहिली. एक मिनिट गेलं, तीन मिनिटं गेली. बाबांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि ओठ किंचित हलत होते. ते दारं मोजत होते.

"सहावा मजला," ते म्हणाले. "इथे दम लागतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आता वर पोचलो."

पडद्यावर ठिपका तिथेच होता.

"यात दिसत नाही, नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. एकोणिसाव्या मिनिटाला ठिपका सरकून दुसऱ्या इमारतीशी गेला आणि पुन्हा थांबला. आई झाडायला निघून गेली. बाबा उठले नाहीत. अजून आठ इमारती बाकी होत्या.