पोटावर नागुबाई, पोटात कल्हई

मी एक जुना पितळी तांब्या आहे. उंची सात इंच. रिकामे वजन आठशे चाळीस ग्रॅम. अंगावर पोचे तीन, बुडावर काळा डाग एक. पोटावर कोरलेली अक्षरे आठ: 'कै. नागुबाई, कंग्राळी'.

मित्रांनो, या आठ अक्षरांमुळे मला एकदा वेदगंगेत बुडवायला निघाले होते. मी बुडलो नाही, आणि अक्षरेही पुसू दिली नाहीत.

बेळगावच्या एका तांबटाने मला १९५९ साली ठोकून घडवले. त्याच्या आदल्या वर्षी कंग्राळीत नागुबाई पटकीने वारल्या होत्या. उलट्या, जुलाब, आणि अडीच दिवसांत सगळे संपले. वर्षश्राद्धाला त्यांच्या मुलाने मला विकत घेतले आणि आईचे नाव घातले. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे नाव असे भांड्यावर राहते. भांडे रोज घासले जाते, नाव रोज उजळते. पण तारखा नीट पाहा. बाई आधी गेल्या, मी नंतर जन्मलो. त्यांचा हात मला कधीच लागला नाही.

माझे काम सोपे होते. पाणी द्यायचे, ताक धरायचे. पितळेत आंबट ठेवले की ते कळकते, हिरवट होते आणि माणसाला ओकायला लावते. म्हणून आतून कथलाचा पांढरा थर देतात. हीच कल्हई. ती शाबूत असेल तर माझ्यातले ताक बिनधास्त प्यावे. सतरा वर्षे लोक प्याले.

१९७६ साली नागुबाईंची नात मालुबाई लग्न होऊन निपाणीला आली, आणि रुखवतातून मीही आलो. त्या घरात आता माणसे सहा झाली: सासरे, सासू अंबुबाई, नवरा भरमू, धाकटा दीर परशराम, एक नणंद आणि मालुबाई. रात्री ती माझ्यात ताक भरून ठेवी, सकाळी भाकरीबरोबर सगळे पीत. पाच महिने कुणाची तक्रार नव्हती.

मग एका रविवारी परशरामच्या कॉलेजचे गॅदरिंग आले. त्याने नवी बेलबॉटम शिवली होती. तळाचा घेर चोवीस इंच! लाँड्रीवाला मंगळवारशिवाय इस्त्री देईना. घरात कुणी नाही असे पाहून परशरामने चुलीतले लाल निखारे माझ्यात भरले, फडक्याने माझा गळा धरला आणि माझे तापलेले बूड त्या विजारीवरून फिरवले. घडी सुरीसारखी उमटली. माझ्या आत मात्र कल्हई वितळून खाली ओघळली. त्याने राख झटकली, मला चिंचेने बाहेरून लखलखीत घासले आणि फळीवर ठेवून दिले. माझे तोंड अरुंद. आत कोण पाहणार?

सोमवारी सकाळी पाच जण ताक प्याले. पाचही जण ओकले. मालुबाईचा सोमवारचा उपवास होता.

अंबुबाईंनी माझ्या पोटावरच्या नावावर बोट ठेवले.

"पटकीनं मेलेली म्हातारी तुझी. तिचंच दुखणं घिऊन आलीस घरात. आमी सगळी वकतोय आणि तू तेवढी टुणटुणीत!"

"आत्याबाई, सोमवार हाय माझा."

"सोमवार तुझा आणि तेरावं आमचं व्हय? ह्यो तांब्या नदीत, आणि तू दहाच्या गाडीनं कंग्राळीला. परत येऊ नगंस."

मालुबाईने मान खाली घातली नाही. "पाच म्हयनं ह्यातलंच ताक प्यालासा. तवर माझी आजी झोपली हुती व्हय?"

भरमूला हसू आले, आणि हसता हसता तो पुन्हा मोरीकडे पळाला.

"गाडीत बसतो मी," मालुबाई म्हणाली. "पर आधी तांब्या बघू द्या."

तिने मला अंगणात उन्हात नेले आणि आरशाने ऊन माझ्या पोटात पाडले. पांढरे हवे तिथे पिवळे होते. बुडाशी मुगाएवढा राखाडी मणी चिकटला होता. तिने तो नखाने टोकरून काढला आणि तळहातावर सर्वांना दाखवला.

"कल्हई झिजली तर अशी गोळा हुईत न्हाय. ही वितळलीया. ह्यात इस्तू कुणी घातला?"

तिची नजर खुंटीवरच्या बेलबॉटमकडे गेली.

"भावजी, काल विजार लई कडक दिसत हुती. इस्त्री कुठं केलासा?"

परशराम बी.एस्सी.ला होता. त्याचा चेहरा उतरला. "वैनी, चुकलं माझं. कथील दोनशे बत्तीस अंशाला वितळतंय. परवाच पेपरात लिवलोय मी."

"पेपरात लिवलास आणि घरात भाजलास!" अंबुबाई कडाडल्या. "त्या धा गावच्या घेरासाठी आमचा जीव घेतोस व्हय रं?"

तेवढ्यात दहाची गाडी गेली. तरी अंबुबाई हटल्या नाहीत. "कल्हई करून, ते नाव घासून बघूया. फिरून कुणी वकलं, तर गाडी रोजच हाय."

"गाडी असू दे की," मालुबाई म्हणाली. "पर नाव घासायचं न्हाय. आजीचं नाव हितंच ऱ्हाईल."

मित्रांनो, मी दयेची भीक मागत नाही. मला फक्त माझ्या कामाला लावा. निखाऱ्यांसाठी इस्त्री असते. ताकासाठी मी आहे. वर्षातून एकदा मला कल्हई द्या. आणि घरात काही बिघडले, तर मेलेल्या बाईला किंवा नव्या सुनेला धरण्याआधी भांड्यात आरशाने ऊन पाडून पाहा. मी कुणाच्या शापाला भीत नाही. तुम्ही पाहिलेच नाही, तर मात्र माझे काही चालत नाही.

मंगळवारी कल्हईवाला दारात आला. त्याने मला भट्टीवर धरले, नवसागर टाकला, कथील फिरवले. माझे पोट पुन्हा पांढरे झाले. त्या संध्याकाळी मालुबाईने माझ्यात सव्वा लिटर ताक भरून झाकण ठेवले. ते बारा तास माझ्यात राहिले. बुधवारी सकाळी पहिली वाटी तिने सर्वांसमोर स्वतः पिऊन दाखवली. दुसरी अंबुबाईंनी घेतली.

प्यालेली माणसे: सहा. ओकलेली: शून्य.