सात नंबरची डावी बाजू

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चात मला गोल्फच्या मैदानाचा नकाशा काढायचं काम मिळालं, आणि खरं सांगतो, त्या खेळाची मला चीडच होती. धडधाकट माणसांनी पहाटे उठून एक पांढरा चेंडू भोकात घालायचा, आणि त्यासाठी एवढी जमीन! मी नागपूरच्या इंदोऱ्यातला ड्राफ्ट्समन. आमची पोरं गल्लीत क्रिकेट खेळायची आणि शेजाऱ्यांच्या शिव्या खायची.

क्लबचे सेक्रेटरी मार्तंडराव हे निवृत्त इंजिनिअर. सातव्या होलच्या, म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतच्या पट्ट्याच्या, मधोमध उभं असलेलं मोहाचं झाड त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. "हे झाड काढायचं आणि होल सरळ करायचा. दहा दिवसांनी तोडणारी माणसं येतील. तोवर नकाशा द्या," असं त्यांनी मला बजावलं.

पहिल्या पहाटे मी वही घेऊन गेलो. धुकं जमिनीला टेकलं होतं आणि मोहाच्या गोड वासानं डोकं जड झालं होतं. आपण जागे आहोत की नाही तेच कळेना. चेंडू कुठे पडतात ते लांबूनच पाहून मी चौदा ठिपके मांडले. जवळ गेलो तर चेंडू पाच, बाकीची गळालेली मोहफुलं. माळी लहानू तोंडाला उपरणं लावून हसत होता.

"ताराचंदभाऊ, तुम्ही फुलं मोजून राहिले," तो म्हणाला.

मला राग आला, पण स्वतःचाच. मग मी त्याच्याबरोबरच फिरू लागलो. नागपूरच्या उन्हात भोकाभोवती हिरवळ टिकत नाही, म्हणून तिथं तेल मिसळलेल्या वाळूचं गोल अंगण असायचं. त्याला सगळे ब्राऊन म्हणत. लहानू रोज त्यावरून गोणपाट ओढून ते सारखं करायचा. मूळचा तो कुहीकडचा, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेला.

"इथं उभे राहा आन् पाहा," एकदा तो म्हणाला. "झाडाच्या उजवीकडं जागाच जागा आहे. पण तिकडून ब्राऊन टेकाडाच्या मागं लपते, एक फटका जास्त लागते. डावीकडं झाड आन् नाल्याच्या मधात जराशी पट्टी. चुकला का चेंडू नाल्यात. पण पट्टीवर पडला, त भोक समोर."

"म्हणजे झाड अडवतं."

"अडवत नाही गा. इचारते. पाण्याले वाट द्या लागते, तशी माणसालेबी. कोनती घ्याची ते त्याचं त्यानं ठरवाव."

मी तिथंच उभा राहिलो. ऊन धुक्यात विरघळत होतं, समोरून एक म्हातारे गृहस्थ आले, झाडाकडे पाहून थबकले, आणि त्या थबकण्यात मला पहिल्यांदा तो खेळ दिसला. माझ्या नकाशांत आजवर रेघा होत्या, माणूस नव्हता. त्या सकाळी मला फार बरं वाटलं, उगीच कशाला लपवू.

"हे आखलं कुणी?" मी विचारलं.

लहानूनं गोणपाट झटकलं आणि हळूच सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी वाळूची गाडी आणली आणि ब्राऊन कुठं करायचं ते त्यालाच ठरवायला सांगितलं. त्यानं महिनाभर चालून जागा ठरवली, टेकाड रचलं, झाड राखलं. "कोनाले सांगू नका, माळ्यानं आखलं म्हनून हासतीन," तो म्हणाला. "झाड गेलं त बाकी नुसती वाळू राह्यते. मले मंग इथं काम नाही होनार." त्याचे डोळे भरले होते.

मी आठ सकाळी ठिपके मांडले, प्रत्येक ठिपक्याशेजारी खेळणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. नवव्या दिवशी क्लबच्या व्हरांड्यात मार्तंडरावांपुढे नकाशा पसरला. सरळ होल त्यात नव्हताच. काम जाणार हे धरूनच चाललो होतो.

त्यांनी चष्मा पुसला. त्यांचं बोट ठिपक्यांवरून फिरलं. 'मा' अक्षराचे आठ ठिपके, सगळे उजवीकडे.

"डावीकडे माझा एकही नाही?"

"नाही साहेब."

ते नकाशाची गुंडाळी करून घरी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच सातव्या होलवर आले. मी आणि लहानू मागे उभे होतो. त्यांनी डावीकडे फटका मारला. चेंडू नाल्यात गेला. दुसरा मारला, तोही नाल्यात. तिसरा झाडाला जवळजवळ घासून गेला आणि पट्टीवर थांबला. ते हळूहळू तिथवर चालत गेले, आम्ही मागोमाग. त्या जागेवरून टेकाड बाजूला सरकलं होतं, आणि ओल्या वाळूचं ते गोल अंगण थेट समोर उघडं पडलं होतं. मार्तंडराव कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. पुढचा फटका मारायचंही त्यांना सुचलं नाही.

"ताराचंद, त्या माणसांना येऊ नका म्हणून सांगा," शेवटी ते म्हणाले. मग वळले. "लहानू, तू इथला सगळ्यात जुना. हे आखलं कुणी?"

लहानूनं माझ्याकडे पाहिलं. मी 'सांग' म्हणून मान हलवली.

"म्या, साहेब."

"बावीस वर्षं! मग मला बोलला काहून नाहीस?"

लहानू पायाखालच्या पट्टीकडे पाहत म्हणाला, "तुम्ही इकडं कधी आलेच नाही, साहेब."