माझ्या पोटातल्या बिननावाच्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना जेवणाचा डबा आहे. पण गेली काही वर्षे माझ्या पोटात अन्नाचा कण गेलेला नाही. आता मी औषधे सांभाळतो.

मला ठोकून, दाबून, घासून कसा आकार दिला, ते सांगत बसत नाही. जबलपूरच्या एका भांड्यांच्या दुकानातून इंदिराबाईंनी मला निवडले. तेव्हा त्यांचे यजमान शालिग्रामराव तोफांच्या कारखान्यात नुकतेच नोकरीला लागले होते. पुढे छत्तीस वर्षे मी त्यांच्या सायकलला लटकून कारखान्यात गेलो. मोठ्या खणात पोळ्या आणि आतल्या वाटीत भाजी. पाटवडीची भाजी असली की त्यांचे मित्र धनेश स्वतःचा डबा बाजूला सारून माझ्याकडे सरकत. माझे इतके कौतुक होई की मला थोडा ताठा आला होता.

मालक निवृत्त झाले आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. दोन वर्षे मी धूळ खात पडलो. मग एका दुपारी मालकांचे डोके गरगरले, डॉक्टरांनी रक्तदाबाच्या दोन गोळ्या कायमच्या मागे लावल्या आणि इंदिराबाईंनी मला खाली काढले. अन्नाच्या जागी औषध आले याचे मला वाईट वाटले. तरी घरात पुन्हा माझी गरज होती, एवढ्यावर मी समाधान मानले.

गेल्या मे महिन्यात मुलाने, विपुलने, दोघांना सुट्टीसाठी मस्कतला बोलावले. परदेशी जायचे म्हणून प्रवासाचा विमा काढायचे ठरले. विजय नगरातल्या विम्याच्या कचेरीतून अवंतिका नावाची मुलगी फॉर्म घेऊन घरी आली.

"काका, बीपी, शुगर काही आहे काय? असेल तर सांगून टाका, लिहून देते. लपवू नका."

मी टेबलावरच होतो. माझ्या पोटात महिन्याभराच्या गोळ्या होत्या.

"छत्तीस वर्षं फॅक्टरीत फिट होतो मी, बेटा. नाही लिही," मालक म्हणाले.

ती गेल्यावर इंदिराबाई चिडल्या. "अहो, खोटं काहून सांगितलं?"

"खोटं कसं? गोळीनं कंट्रोलमध्ये आहे, म्हणजे नाहीच ना!"

मित्रांनो, एकदा खोटे बोलले की त्याची सरबराई करावी लागते. विमानतळावर कोणी गोळ्यांची पाकिटे पाहिली तर पंचाईत होईल, म्हणून मालकांनी प्रत्येक गोळी सोलून काढली. पांढऱ्या गोळ्या माझ्या वाटीत आणि पिवळ्या मोठ्या खणात टाकल्या. नावाची पाकिटे कचऱ्यात गेली, डॉक्टरांची चिठ्ठी कपाटात राहिली. मला लाज वाटली. पण डब्याला कोण विचारतो?

मस्कतला विपुल रोज बजावत असे, "बाबा, दुपारी बाहेर नका जाऊ. पाणी पीत राहा."

मालक हसत. "आम्ही नौतप्यात सायकलनं फॅक्टरीत जायचो. आम्हाला ऊन काय शिकवून राहिला?"

जबलपूरचा नौतपा म्हणजे मे अखेरीला सुरू होणारे ते नऊ भाजून काढणारे दिवस. त्या कोरड्या उन्हाची मालकांना सवय होती. समुद्राकाठच्या दमट उन्हाची नव्हती. त्यात बाहेर गेल्यावर सारखे बाथरूम शोधावे लागू नये म्हणून ते पाणीही बेतानेच पीत. पांढरी गोळी अंगातले पाणी बाहेर काढते, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितले होते. ते ऐकून विसरले होते.

चौथ्या दिवशी विपुल कामावर गेल्यावर दोघे किल्ला बघायला गेले. मी इंदिराबाईंच्या पिशवीत होतो. पायऱ्यांवर मालक मटकन खाली बसले. ओठ कोरडे, नजर भलतीकडे.

आमच्या घरात एक समजूत होती. चक्कर आली म्हणजे बीपी वाढले. इंदिराबाईंनी माझे झाकण उघडले आणि एक पिवळी गोळी मालकांच्या जिभेवर ठेवली. मला ओरडावेसे वाटले. पण काय ओरडणार? खरे काय ते मलाही ठाऊक नव्हते. एवढेच जाणवले की त्या माउलीचा हात कधी नव्हे इतका गार पडला होता.

अर्ध्या तासात मालक बेशुद्ध झाले.

दवाखान्यात हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई भेटल्या. "बीपी की दवा लेते हैं? कौन-सी? अभी कोई गोली दी है?"

कामावरून धावत आलेल्या विपुलने आईला बाजूला ओढले. "आई, फॉर्मवर तर बीपी नाही म्हणून लिहिलंय. आता सांगितलं तर क्लेम जाईल ना."

इंदिराबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "जाऊ दे. माणूसच गेला तर क्लेम घेऊन काय करू मी?"

त्यांनी मला डॉक्टरीणबाईंपुढे उघडून ठेवले. पांढऱ्या, पिवळ्या, सगळ्या बिननावाच्या. गोळ्या ओळखू येईनात. तेव्हा इंदिराबाईंनी जबलपूरला, ओमती भागातल्या आमच्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात फोन लावला. "योगेंद्र भैया, इनकी गोलियों के नाम भेजो, जल्दी!" दहा मिनिटांत जुन्या बिलाचा फोटो आला.

मालकांचे बीपी वाढलेले नव्हतेच. पाणी आणि मीठ कमी पडून ते खाली गेले होते आणि त्या जादा गोळीने आणखी खाली ढकलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडले. विमा कंपनीने हात वर केले, आणि विपुलने नव्या घरासाठी साठवलेले पैसे दवाखान्यात गेले.

जबलपूरला परतल्यावर इंदिराबाईंनी मला हात लावला नाही. मालक स्वतःच गोळ्या घेत. बाई जवळून जाताना माझ्याकडे बघत आणि मान वळवत. आपल्याच हाताने नवऱ्याचा जीव गेला असता, हे त्यांच्या मनात घर करून बसले होते. मालकांना ते दिसत होते. पण चूक कबूल करायची त्यांना कधी सवयच नव्हती.

मग एक दिवस धनेश आले. मुलीबरोबर सिंगापूरला जायचे होते. चहा पिता पिता त्यांनी हळूच विचारले, "शालिग्राम, फॉर्मवर शुगर लिहायची काय? की राहू देऊ?"

मालकांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लिही. मी नाही लिहिलं. पोराचं घर गेलं, मीही जाणारच होतो." स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत ते म्हणाले, "आणि ही स्वतःला दोष देऊन राहिली. हिनं काय केलं रे? गोळ्यांची नावं मी फाडली. हिच्या हातात मी आंधळा डबा दिला."

इंदिराबाई दारात उभ्या होत्या. पदराने डोळे पुसत त्या आल्या, मला उचलले आणि घासायला घेतले. इतक्या दिवसांनी त्यांचा हात लागला आणि मला अगदी भरून आले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. आजच त्याला उघडा. आत काय आहे आणि ते कोणासाठी आहे, हे घरातल्या प्रत्येकाला वाचता येते का ते बघा. परगावी निघताना खरे ते लिहा आणि विचारतील त्याला खरे ते सांगा. आम्हा डब्यांना वेळेवर बोलता येत नाही. तुम्हाला येते.