समुपदेशकाला आली घेरी

वस्तीतल्या मानसिक आरोग्य केंद्रात मी समुपदेशक आहे. "मन सांभाळायचं तर आधी झोप, जेवण, चालणं सांभाळा," असं मी गटाला रोज ऐकवतो. परवा हेच ऐकवताना मला घेरी आली आणि मी फळ्यासकट आडवा झालो. डोळे उघडले तर नैराश्यातून सावरत असलेल्या शिंपीणकाकू माझे पाय उचलून धरून बसल्या होत्या.

"सकाळी काय खाल्लंत?"

"चहा."

"आणि झोप?"

"रात्रभर अहवाल लिहीत होतो. झोपेच्या महत्त्वावर."

सगळे खो खो हसले. गटात दोन महिने तोंड न उघडलेले पोस्टमनकाका तर सर्वांत मोठ्यांदा हसले. काकूंनी स्वतःचा डबा मला संपवायला लावला. मग पोस्टमनकाकांनी चपला घातल्या.

"चला साहेब, तुम्हाला जरा चालवून आणतो."

मी निमूट निघालो.