वाटीतलं पिवळं दूध

समजा बरं, तुमच्या हातात एक पितळी वाटी आहे. वाटीच्या तळाशी चमचाभर दूध आहे, पण ते पांढरं नाही. हळदीचं बोट लागल्यासारखं पिवळं आहे, दाट आहे, आणि वाटी अजून कोमट आहे. एका मोठ्या माणसानं तुम्हाला सांगितलंय, "हे निंबाखाली ओतून ये." मोठ्यांचं ऐकायचं असतं, हे तुम्हाला घरात शिकवलेलंच आहे. मग काय कराल? लगेच सांगू नका. आधी मानीबरोबर थोडं चाला.

मानी नऊ वर्षांची होती. तिचा तांडा पुसदपासून पाच कोसांवर, टेकडीच्या पायथ्याशी. तिच्या आज्याच्या, धावजीच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला होता. धावजी आता कापूस आणि तूर पेरायचा, पण गुरांवरची माया काही रक्तातून गेली नव्हती. गाय व्याली की तो सगळ्यांना बाजूला सारायचा आणि वासराचं तोंड आधी सडाला लावायचा. "पयला चीक वासराचा," तो म्हणायचा. "तो नाई भेटला तं वासरू उभं राह्यत नाई. खरवस नंतर." आदल्याच महिन्यात मानीनं स्वतः एका ओल्या, लटपटत्या वासराची मान धरून त्याला चीक पाजला होता.

१९६१ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. कापसाची वेचणी रंगात होती आणि मानीच्या आईचे, रुपीबाईचे दिवस भरले होते. दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा तांड्यातच जन्मला आणि तिसऱ्या दिवशी गेला. म्हणून या खेपेला बाप प्रेमसिंग हटून बसला, "पुसदच्या दवाखान्यातच नेतो."

"दवाखान्यात काय सोन्याच्या खाटा हायेत?" असं म्हणत आजी धनीबाई सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसली. मानीलाही बरोबर घेतलं, कारण घरात मराठी शाळेत जाणारी ती एकटीच. धनीबाईला मराठी कळायची, पण नको तेव्हा मुळीच कळायची नाही.

सकाळी मुलगा झाला. पावणेचार पौंडांचा, एवढासा. नर्स विमलताईंनी त्याला पुसलं, कापडात गुंडाळलं आणि रुपीबाईची नाडी बघायला हात धरला. मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या.

"अगं बाई, बोट ठेवायला जागा तरी ठेव! हातात सगळं दुकान घालून आलीस." रुपीबाई एवढी थकलेली, पण हसली. तिचं रक्त बरंच गेलं होतं.

मग विमलताई मानीकडे वळल्या. "हे बघ मानी, तुझ्या आजीला नीट समजावून सांग. बाळ लहान आहे. आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून ठेवायचं, म्हणजे ऊब राहील. आणि आत्तापासून आईचंच दूध. पहिलं दूध पिवळं असतं, ते टाकायचं नाही. पाणी नाही, गूळ नाही, काही नाही."

मानीनं आपल्या बोलीत सगळं सांगितलं. धनीबाईनं मान डोलावली. "हो बाई, हो."

विमलताईंची पाठ वळली आणि आजीनं पदराआडून पितळी वाटी काढली.

"दादी, बाई तं म्हणे टाकू नका."

"तिले काय मालूम! नऊ महिने अंगात साचेल दूध हाय ते, शिळं. तीन दिवस पिळून टाकाव लागते."

"मंग वासराले काहून पाजतो आपण?"

"जनावराचं येगळं, माणसाचं येगळं." धनीबाईनं मानीला जवळ ओढलं. तिचा आवाज खाली आला, आणि त्यात राग नव्हता, भीती होती. "मागच्या खेपेले तुह्या याडीनं दुसऱ्याच दिवशी पोराले अंगावर घेतलं. मी नाई नाई म्हणत होती. काय झालं? तुले भाऊ पायजे का नाई?"

मानीनं खाटेकडे पाहिलं. याडीनं, म्हणजे आईनं, तोंड भिंतीकडे वळवलं होतं. तिलाही मागच्या खेपेची आठवण होती.

मानीला भाऊ हवा होता. आजीनं दूध पिळून दिलेली वाटी तिनं घेतली, दाराबाहेरच्या निंबाखाली ओतली, आणि मातीत पिवळा डाग जिरेपर्यंत तिथंच उभी राहिली.

इकडे आजी कापसाची वात गुळाच्या पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावायची. बाळ चोखायचं, आणि दमून झोपायचं.

दुपारी विमलताई आल्या. "आजी हो म्हणते, पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. बाळ प्यायलं का गं?"

मानीच्या पाठीवर आजीचा हात होता.

"प्यायलं," मानी म्हणाली.

"शहाणी गं माझी!" विमलताईंनी तिच्या गालावर टिचकी मारली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. त्यांनी संध्याकाळी विचारलं, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. मानी दर वेळी तेच म्हणाली. एकदा म्हटलं की पुढचं सोपं जातं. वाटी मात्र दर वेळी जड लागायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाचे पाय गार पडले. विमलताईंनी गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. डॉक्टर आले, गेले, पुन्हा आले. विमलताईंनी बाळाला आईच्या छातीशी धरलं, पण आता त्याला तोंड उघडायचंही बळ नव्हतं. मग त्यांनी आईचं दूध चमच्यात काढून थेंब थेंब ओठांवर सोडलं. ते गालावरून ओघळलं. धनीबाई खाटेच्या पायाशी बसून बघत राहिली. तिनं अडवलं नाही.

तिसऱ्या दिवशी, बाहेर रस्त्यावरून आठवडी बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या, तेव्हा बाळ गेलं.

प्रेमसिंगनं त्याला आपल्या फेट्याच्या कापडात घेतलं आणि तो तांड्याकडे निघाला.

विमलताई रुपीबाईजवळ बराच वेळ बसल्या. मानीला म्हणाल्या, "फार लहान होता गं. सगळं नीट करूनही अशी बाळं कधीकधी जातात. तू केलंस ते सगळं, मी पाहत होते ना."

हे शब्द मानीला फटक्यापेक्षा जास्त लागले. विमलताईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी मानीवर विश्वास ठेवला होता.

रुपीबाईला घरी सोडलं नाही. रक्त गेल्यानं ती उठली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. आणि बाळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला दूध आलं. पांढरं, भरपूर. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. विमलताईंनी थोडं दूध काढून घट्ट पट्टा बांधला. तरी लुगडं भिजत राहिलं. याडी हुंदका देत नव्हती. नुसती ओल्या कापडाकडे बघत होती. आजीनं तिच्या केसांवरून हात फिरवायचा प्रयत्न केला. रुपीबाईनं डोकं बाजूला घेतलं.

"मायं चुकलं का, मानी?" धनीबाईनं हळूच विचारलं. एवढी म्हातारी बाई, नऊ वर्षांच्या पोरीला विचारत होती.

त्याच दिवशी शेजारच्या खाटेवर तानाबाई नावाची शेतकऱ्याची बायको बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. तानाबाईची सासू फार बोलकी. "रड बाई रड, बापाच्या कानापर्यंत जाऊ दे!" म्हणून तिनं नातीला खांद्यावर घेतलं. विमलताईंनी तिलाही तेच बजावलं. सासू म्हणाली, "हो बाई, हो."

मानीनं तो "हो" ओळखला.

थोड्या वेळानं सासूनं हाक मारली. "ए पोरी, तुहे पाय हलके हायेत. येवढं निंबाखाली ओतून ये बरं. कोणी इचारलं तं सांगजो, पोरगी प्याली."

मानीच्या हातात वाटी आली. कोमट. तळाशी चमचाभर पिवळं दूध.

दार उजवीकडे होतं. दाराबाहेर निंब होता, आणि निंबाखालच्या मातीला अजून मुंग्या लागलेल्या होत्या. डावीकडे, खोलीच्या टोकाला, विमलताई टेबलाशी बसून पट्ट्यांच्या घड्या घालत होत्या. मधे याडीची खाट. याडीनं मान वळवून मानीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"वो पोरी, दार तिकडे हाय!" मागून सासू ओरडली.

मानी डावीकडे वळली. वाटी दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, ती टेबलापर्यंत गेली आणि तिनं वाटी घड्यांच्या मधोमध ठेवली.

"बाई," ती म्हणाली, "माया भाऊ नव्हता प्याला. एकदाबी नाई. मी खोटं बोलली."

विमलताईंच्या हातातली पट्टी तशीच राहिली. त्या काही म्हणायच्या आत मानीनं त्यांचं बोट घट्ट धरलं आणि त्यांना तानाबाईच्या खाटेकडे ओढत नेलं.