अनरिलेटेडवाले

“अनरिलेटेडवाले कोण आहेत?” दार अर्धवट उघडून वॉर्डबॉयनं विचारलं.

बाकावरचं कुणीच उठलं नाही. कुसाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. समोर एक नवरा-बायको बसले होते, त्यांच्या पलीकडं एक म्हातारे बाबा आणि त्यांचा मुलगा. त्यांच्यातलंच कुणी असेल, असं समजून ती पदर सावरत तशीच बसून राहिली. वॉर्डबॉयनं पुन्हा तेच विचारलं तेव्हा सृष्टीनं तिला कोपरानं ढोसलं.

“मम्मी, आपणच.”

कुसाबाई उठली. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचा सावत्र मुलगा सोमनाथ मान खाली घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

कुसाबाई सिन्नरची. मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलेलं. गेणूची पहिली बायको वारल्यावर ती त्याच्या घरात आली, तेव्हा सोमनाथ दुसरीत होता. सृष्टी मागाहून झाली. पुढं सोमनाथ एमआयडीसीत लेथवर लागला, घराला जरा बरे दिवस आले, आणि पायांवर सूज आल्याचं निमित्त होऊन कळलं की पोराच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा एसटीनं नाशिकला यायचं, डायलिसिस करून परत जायचं. त्यासाठी जोडलेली हातातली नस दोनदा बंद पडली, तसं डॉक्टरांनी सांगितलं की आता किडनी बदला, फार थांबू नका.

घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. गेणूला साखर, म्हणून तो अनफिट. सृष्टीचा रक्तगट जुळेना, म्हणून ती इनकम्पॅटिबल. जुळलं ते फक्त कुसाबाईचं, आणि सावत्र आई कायद्याच्या जवळच्या नात्यांत बसत नव्हती. म्हणून तिच्यासाठी दवाखान्यातली ही समिती. समितीला वाटलं तर परवानगी, नाहीतर नाही.

सकाळी एसटीत सृष्टीनं तिला समजावलं होतं. शब्दापुढं ‘अन’ लागलं की अर्थ उलटा होतो. रिलेटेड म्हणजे नात्यातला, अनरिलेटेड म्हणजे नात्याबाहेरचा. ‘इन’चंही तसंच. मग इंजेक्शन म्हणजे काय, असं कुसाबाईनं विचारलं. ते तसं नसतं, असं सृष्टी म्हणाली, पण का नसतं ते तिला सांगता येईना. कुसाबाई खिडकीबाहेर बघत विचार करत राहिली. आपल्याकडंही ‘अन’ आहेच की. ओळखीचा असतो त्याला अन लागला की तो अनोळखी. पण मग अनमोल? ज्याला मोल नाही ते फुकटाचं म्हणायला हवं, आणि माणसं तर ते सोन्यापुढं लावतात. शब्दाच्या नुसत्या तोंडावरून त्याचा भरवसा धरता येत नाही, एवढं तिला कळलं.

गेणूचा पुतण्या धनराज याचं सिन्नरला झेरॉक्सचं दुकान. कागद त्यानंच जमवले होते, आणि निघताना दोघांना पढवलं होतं. आत दोघांना वेगवेगळं घेतात, एकच प्रश्न दोघांना विचारतात. उत्तरं जुळली नाहीत की संपलं. सोमनाथ कुसाबाईला काय म्हणतो असं विचारलं तर दोघांनी ‘आई’ सांगायचं. सोमनाथनं त्यावर हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं.

आत लांब टेबलामागं पाच-सहा माणसं होती. मधोमध पिकल्या मिशांचे डॉक्टर, त्यांच्या उजव्या हाताला चष्मेवाल्या बाई. कडेला वेदिका मॅडम. दवाखान्यातलं सगळं समजावून सांगायचं काम त्यांचं. तीन पायांवर कॅमेरा उभा होता आणि त्याचा लाल दिवा लागलेला होता.

सुरुवातीचे प्रश्न सोपे गेले. नाव, गाव, लग्न कधी झालं. कुणी जबरदस्ती केली का, कुणी काही देऊ केलंय का. कुसाबाई मान हलवायची, आणि तोंडानं बोला असं वेदिका मॅडम हळूच सांगायच्या. मग चष्मेवाल्या बाई पुढं सरकल्या.

“सोमनाथ तुम्हाला काय म्हणून हाक मारतो?”

‘आई’ हा शब्द कुसाबाईच्या अगदी जिभेवर होता. पण आत गेल्यावर सोमनाथ काय सांगेल, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक असतं तरी हा शब्द त्याच्या वतीनं आपण उच्चारावा, हे तिला पटेना.

“कुसाबाई म्हणतो,” ती म्हणाली. “गल्लीत समदे म्हणतात तसं.”

“आई कधीच नाही?”

“नाय. त्याची आई व्हती ना. मी घरात आले त्या दिवशीच त्यानं सांगितलं मला. मी म्हटलं, बरं.”

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. डॉक्टरांनी समोरचा कागद उलटला.

“तुमच्या मुलीचा गट जुळत नाही असं दिसतंय. समजा जुळला असता. तिची किडनी दिली असती तुम्ही?”

हा प्रश्न धनराजनं सांगितलेला नव्हता. कुसाबाईनं कॅमेऱ्याकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. तंबाखूनं काळी पडलेली बोटं तिनं पदराखाली घेतली.

“नसती दिली,” ती म्हणाली. “ती तयार झाली असती. ती तशीच हाये. पण मी आडवी पडले असते. तिचं समदं व्हायचंय आजून.”

“आणि स्वतःची देताय. का?”

तिला सुचलं ते ती बोलली. डायलिसिसहून आला की तो पायरीवर बसतो, ती म्हणाली. वाकलं की चक्कर येते त्याला, चपला काढता येत नाहीत. कुणाला सांगत नाही. मी काढते. मी काढत असले की तो तोंड दुसरीकडं करतो. एवढा दांडगा पोरगा, आणि त्याला माझ्यासमोर तोंड फिरवावं लागतं. ते बघवत नाही मला.

तुम्ही बाहेर बसा, असं तिला सांगण्यात आलं.

बाहेर येऊन ती बाकावर टेकली. सोमनाथ आत गेला. आत काय काय झालं असं सृष्टीनं विचारलं, तर कुसाबाईला सांगावंसं वाटेना. आपण आपल्या तोंडानं घास घालवला, हेच तिच्या मनात घोळत होतं. आई म्हणतो म्हणून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि लेकीचं ते असं उघड बोलायची काय गरज होती? आत बराच वेळ लागला. समोरचे नवरा-बायको डबा उघडून जेवले, तरी दार उघडलं नाही.

शेवटी वेदिका मॅडम बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच कुसाबाई उभी राहिली.

“कुसाबाई, तुमचं सगळं व्यवस्थित झालं. पण एक अडचण आहे. पेशंट अनविलिंग आहे.”

विलिंग म्हणजे काय ते कुसाबाईला माहीत नव्हतं. पण पुढचा ‘अन’ तिला ऐकू आला, आणि तिनं सृष्टीकडं पाहिलं. सृष्टीनं हळू आवाजात सांगितलं. दादानं नको म्हटलंय.

सोमनाथनं आत स्वच्छ सांगितलं होतं की ही किडनी मला नको. समितीनं दोनदा विचारलं, दोनदा तेच. घेणाऱ्याची संमती नसेल तर समितीला पुढं जाता येत नाही, आणि समिती पुन्हा कधी बसेल ते सांगता येत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर डॉक्टर त्याला एकदाच आत बोलावणार होते. तोवर बोलून घ्या, असं वेदिका मॅडम म्हणाल्या.

कुसाबाईनं सृष्टीला चहा आणायला पाठवलं आणि ती पार्किंगच्या कडेला, कडुनिंबाखाली सोमनाथजवळ जाऊन बसली. मधे वीतभर जागा तिनं ठेवली. रस्त्यावरून द्वारका चौकाकडं जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता.

मग सोमनाथच म्हणाला, “सृष्टीला तू एकटीच हायेस. बाबांचं तर काही खरं नाय. उद्या तिथं टेबलावर तुला काही झालं, तर तिनं कुणाकडं बघायचं? माझ्याकडं?”

“डॉक्टर म्हणाले, काही होत नसतं.”

“अन झालं तर?” त्याचा आवाज चिरकला. “आणि नाय झालं तरी. जल्मभर तुझं देणं डोक्यावर घेऊन हिंडू का मी? मी तुला कधी धड हाक नाय मारली.”

ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं आणि त्यानंच मान खाली घातली. कुसाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. बघितलं तर तो उठून जाईल, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक झालं होतं.

“मी या घरात आले,” ती म्हणाली, “तवा तुला कुणी विचारलं नव्हतं. आणून उभी केली मला तुझ्यापुढं. आज ह्या लोकांनी तुला विचारलं, ते बरंच झालं. नको असंल तर नको म्हण. मी राग धरायची नाय. पण माझ्यासाठी नको म्हणू नको. माझं मी बघून घेतलंय. तुझ्यासाठी नको असंल, तरच म्हण.”

सोमनाथ पायानं माती उकरत राहिला.

“आणि देणं कशाचं? विड्या वळायला एक पुरते.”

त्याला हसू आलं की काय, तिला समजलं नाही. त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि बोटं डोळ्यांवर तशीच दाबून धरली. सृष्टी तीन कप सांभाळत येत होती. तिला लांबूनच दिसलं असावं, ती मधेच थांबली.

सुट्टी संपल्यावर वॉर्डबॉयनं सोमनाथचं नाव घेतलं. तो उठला, चालला, दाराशी गेल्यावर क्षणभर थांबला. कुसाबाईला वाटलं तो मागं वळेल. तो वळला नाही. दार लागलं. ह्या वेळी सृष्टीनं आईचा हात हातात घेतला आणि दोघी त्या बंद दाराकडं बघत राहिल्या. आत काय झालं ते कुणी त्यांना सांगितलं नाही. परवानगी दिल्याचं मात्र त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. सिन्नरला परत जाताना सोमनाथ खिडकीशी डोकं टेकवून झोपी गेला, आणि नाशिकरोड मागं पडलं तरी कुसाबाई त्याच्याकडंच बघत होती.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात झालं. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते पोराचं. ठीक आहे, एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला आत सोडत नव्हते, आणि ठीक म्हणजे किती ठीक, हे विचारायचं तरी कुणाला? कुशीतली दुखरी जागा धरून ती छताकडं बघत पडून राहायची.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पायल नावाची सिस्टर तिला चालवायला आली. हळूहळू भिंत धरून दोघी त्या खोलीपर्यंत गेल्या. मधे काच होती. सोमनाथ खाटेवर टेकून बसला होता, तोंडाला मास्क, हाताला नळ्या. तो सुकल्यासारखा दिसत होता. पण पायांवरची सूज उतरली होती, ते तिला काचेतूनही दिसलं.

दोन वर्षं त्याला लघवी अशी होत नव्हती. झालीच तर चमचाभर. घरात हे कुणी बोलत नसे. तहान लागली तरी तो पाणी घोटानं मोजून प्यायचा.

त्यानं तिला पाहिलं. काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. मग त्यानं खाटेच्या कडेला लटकवलेली लघवीची पिशवी काढली आणि उचलून तिला दिसेल अशी धरली. पिशवी जवळजवळ भरली होती. आतलं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ.

“अहो, वर नका धरू ती,” पायलनं काचेवर टकटक केलं आणि हातानं खाली करायची खूण केली.

सोमनाथनं पिशवी खाली घेतली. पण खाटेला लावली नाही. मांडीवर ठेवून तो कुसाबाईकडं बघत राहिला, आणि ह्या खेपेला त्यानं तोंड फिरवलं नाही. कुसाबाईचे टाके ओढत होते. तिनं कठड्याला धरलं आणि ती होता होईल तेवढी सरळ उभी राहिली.